तीन नंबरची स्लाइड

तुम्ही दोघांनी परवा फॅमिली ग्रुपवर जे अंगठे पाठवलेत, त्याबद्दल हे लिहिते आहे. तुमच्या बाबाने एका प्रबंधातल्या आभाराच्या पानाचा फोटो टाकला होता. एका तरुण पशुवैद्यक मुलीने त्यात माझे आभार मानले आहेत, 'काटेकोर नोंदींबद्दल'. थोरलीने खाली लिहिलं, 'आजी, आय ॲम सो प्राउड.' ते वाचून मी फोन पालथा ठेवला आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासली. त्या नोंदींचं खरं काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं, आणि कौतुक जुनं होऊन घट्ट बसायच्या आत कळलेलं बरं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझ्या वडिलांनी मला ठाण्याच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं, तेव्हा मला जड गेलं नसतं. पण तुमची धाकटी आजी जे बोलली ते इंग्रजीत नेलं की गुळमुळीत होतं. अडेल तिथे बाबाला विचारा.

धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ. राहनाळच्या पुढे आपल्या गावात राहते, मागच्या खेपेला तुम्हाला खरवस खायला घालणारी. मी त्या घरात लग्न होऊन आले ती नोकरीसकट. भिवंडीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी मलेरियाच्या स्लाइड बघायचे. सासूबाई म्हणाल्या, "ही शिकल्येली हाय, हिला गोठ्यात घालू नका." मला तो मान वाटला. दोन वर्षांनी जाऊ आली आणि गोठा तिच्याकडे गेला. नंतर आम्ही शहरात खोली घेतली. सुट्टीत गावी गेले तरी गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंतच, तिथून हाक मारायची.

आता गावात शेत उरलेलं नाही. आपल्या जमिनीवर गोडाऊन आहे आणि तुमचे धाकटे आजोबा त्याच गोडाऊनच्या गेटवर ड्युटी करतात. गोडाऊनची मागची भिंत आणि गोठ्याची मागची भिंत एकच. जाऊ तीन गाई ठेवते. तिन्ही संकरित, तिन्ही तांबड्या. एक म्हातारी, एक दुभती आणि एक त्या वेळी गाभण. पहिल्या दोन विकत आणलेल्या. गाभण तेवढी घरात जन्मलेली. तिची आई व्यायल्यावर मेली आणि जाऊने हिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. हे मी ऐकून होते. तिघी समोर उभ्या केल्या असत्या तर त्यातली ती कुठली, हे मला सांगता आलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी होळीच्या सुमाराला ती पशुवैद्यक मुलगी गावात आली. पुढच्या शिक्षणासाठी तिने गोचीड तापाचा विषय घेतला होता. गोचीड तुम्ही कुत्र्याच्या कानात पाहिली असेल. ती गाईचं रक्त पिते आणि पिता पिता एक सूक्ष्म परजीवी गाईच्या रक्तात सोडते. गाईला जबर ताप येतो, गळ्याखांद्याच्या गाठी सुजतात, रक्त पातळ होत जातं, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर गाय जाते. जी वाचते तिच्या रक्तात तो परजीवी मुकाट राहतो. गाय दिसायला ठणठणीत, पण तिला चावलेली गोचीड पुढे दुसरीला चावते. गोडाऊनांच्या मधे उरलेल्या गोठ्यांमध्ये अशा ठणठणीत दिसणाऱ्या वाहक गाई किती, हे त्या मुलीला शोधायचं होतं. ती महिन्यातून एकदा येणार होती, पण तिला रक्ताच्या स्लाइड दर आठवड्याच्या हव्या होत्या. गावच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, भिवंडीत एक बाई आहेत, निवृत्त झाल्यात, घरी मायक्रोस्कोप आहे.

मला किती आनंद झाला, ते काय सांगू. पुन्हा रंगाच्या बाटल्या, पुन्हा रजिस्टर. गाईच्या रक्तातला हा परजीवी मलेरियाच्या परजीवीच्या गोल कड्यांसारखाच दिसतो, फक्त आणखी बारीक. कुठे ठिपका, कुठे स्वल्पविराम.

ती मुलगी म्हणाली, "मावशी, प्रत्येक गाईचं वर्णन लिहायचं हं. शिंग, कपाळावरचा ठिपका, काहीतरी ओळखीचं."

मी म्हटलं, "वर्णनात घोळ होतो. नंबरात होत नाही."

दवाखान्यात आमची तीच रीत होती. वॉर्डातून रक्त यायचं ते खाटेच्या नंबरावर. मी दिरांकडून तिन्ही खुंट्यांवर पांढऱ्या रंगाने एक, दोन, तीन असे आकडे काढून घेतले आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलं: एक नंबर म्हातारी, दोन नंबर दुभती, तीन नंबर गाभण.

जाऊ बघत होती. म्हणाली, "खुंट्यांना रंग कशाला, ताई? पोळ्याला येळ हाय अजून."

दर बुधवारी सकाळी मी रिक्षाने गावी जायची. गुडघ्यांमुळे मला गोठ्याच्या दारात प्लास्टिकची खुर्ची दिलेली असायची. कानाच्या कडेला सुई कशी टोचायची हे त्या मुलीने जाऊला शिकवलं होतं. जाऊ आत जायची, थेंब काचेवर घेऊन बाहेर आणायची, मी तो दुसऱ्या काचेच्या कडेने पसरायची.

"कुठला खुंटा?" मी विचारायची.

"दोन."

मी काचेवर दोन लिहायची. मग घरी येऊन रंग द्यायचा, वाळवायचं, बघायचं.

पहिल्या महिन्यात एक नंबरच्या रक्तात थोडे परजीवी सापडले. म्हणजे म्हातारी वाहक होती. दुसऱ्या महिन्यात एक नंबर स्वच्छ झाली आणि दोन नंबरमध्ये थोडे दिसायला लागले. तिसऱ्या महिन्यात ते तीन नंबरमध्ये होते, चौथ्यात पुन्हा एकमध्ये. यावरून मी काय ओळखायला हवं होतं ते तुम्हाला आत्ताच कळलं असेल. मी मात्र रजिस्टरच्या समासात एक सिद्धांत लिहिला: परजीवी आळीपाळीने लपतो आणि प्रकटतो. त्या मुलीला हे कधी सांगते असं मला झालं होतं, पण परीक्षेमुळे तिच्या दोन खेपा चुकल्या होत्या.

आषाढातल्या एका बुधवारी जाऊने तिसरी काच हातात देताना सांगितलं, "गाभण चार दिस खात न्हाय धड. मना वाटलं दिस भरत आले म्हनून. पन आज अंग तापलंय."

मी म्हटलं, "डॉक्टरांना बोलव. मी घरी जाऊन लगेच बघते."

दुपारी डॉक्टर गोठ्यातून फोनवर होते. "ताप एकशे पाच आहे, मॅडम. तिवा चालू आहे सगळीकडे, तोही असेल. पण खांद्यापुढची गाठ जरा हाताला लागतेय. गोचीड ताप असला तर औषध वेगळं. तुमची स्लाइड काय म्हणते?"

तिवा म्हणजे गुरांचा तीन दिवसांचा ताप, आपणहून उतरतो. माझ्यासमोर तिन्ही स्लाइड होत्या. एक नंबर परजीवींनी गच्च भरली होती. दोनमध्ये थोडे. तीन नंबर स्वच्छ. एक नंबर म्हणजे म्हातारी, जुनी वाहक. तिच्यात आज वाढलेत, एवढंच मी मनाशी नोंदवलं.

"गाभण गाईची स्लाइड स्वच्छ आहे," मी म्हटलं. "दोनदा पाहिली."

मागून जाऊचा आवाज आला, "ताईंनी बघितली म्हंजे झालं."

"मग तिवा धरू," डॉक्टर म्हणाले. "ताप उतरायचं देतो. शुक्रवारपर्यंत उतरला नाही तर पुन्हा स्लाइड काढा."

गुरुवारी सकाळी जाऊचा फोन: पाण्याला तोंड लावत नाही. मी म्हटलं, तिवाच आहे, तीन दिवस लागतातच. दुपारी पुन्हा फोन: श्वास जोरात चाललाय, डोळ्यांतून पाणी गळतंय. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा चढ्या आवाजात. मग उठून तीन नंबरची स्लाइड तिसऱ्यांदा पाहिली. स्वच्छ होती. मलेरियात माझी स्लाइड चुकली असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. तरी मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी सातला तिने एवढंच सांगितलं, "उठत न्हाय आता. या."

मी पोचले तेव्हा दारात खुर्ची नव्हती. जाऊ आत होती, बाहेर येणार नव्हती. काच आणि सुई घेऊन मी उंबरा ओलांडला. गाय भिंतीकडे पाठ टेकून बसली होती, मान जमिनीवर. पोट एका बाजूला डोंगराएवढं. जाऊ ओल्या पोत्याने तिची मान पुसत होती. तिने गाईची पापणी खाली ओढून दाखवली. आतून लाल असायला हवी, ती कागदासारखी पांढरी होती.

तिचं दावं ज्या खुंट्याला होतं त्यावर माझा पांढरा आकडा होता. एक.

"ही इथे कशी?" मी विचारलं.

"इथं म्हंजे?"

"ही तीन नंबरला असते."

"व्हती. होळीला. दर अवसेला एक-एक खुंटा सरकवते ना मी. जेठाच्या अवसेला ही इथं आली." ती पोतं बादलीत बुडवत होती. "आत्याबाईंनी लावून दिल्येली रीत हाय. एका खुंट्याला जनावर मुरू द्यायचं न्हाय. ही भिंतीकडली जागा वाईट, फटींत गोचीड लय. एकीच्याच वाट्याला नको."

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी ती रीत मला सांगितली नव्हती, कारण मी शिकलेली होते.

मी हिशेब मांडला. तीन अमावास्यांत तिघी फिरून आपापल्या खुंट्यावर, चौथ्या अमावास्येला पुन्हा एकेक खुंटा पुढे. बुधवारची ती गच्च भरलेली एक नंबरची स्लाइड म्हातारीची नव्हती. जी स्वच्छ होती ती दुभतीची.

"मला का नाही सांगितलंस?" माझ्या तोंडून निघालं.

जाऊने मान वर केली नाही. "तुमी खुंटा इचारायच्यात, मी खुंटा सांगायची. गाय कुठली, असं एकदा तरी इचारलंत? ताप खुंट्याला येतो का, ताई?"

मी बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, गोचीड ताप आहे, नक्की. कसं कळलं ते सांगितलं नाही. त्यांच्याकडचं इंजेक्शन संपलं होतं. भिवंडीतल्या दोन दुकानांत नव्हतं. ठाण्याला एकाकडे होतं. "दोन वाजेपर्यंत आणा," डॉक्टर म्हणाले. "मला पुढे जायचंय, आणि तिलाही तेवढाच वेळ आहे असं समजा." दीर ड्युटीवर होते, गेट सोडता येत नव्हतं. जाऊ गाईपासून हलणार नव्हती. मी निघाले.

जाताना रस्ता बरा होता. परतताना कशेळीच्या पुलाच्या अलीकडे एक कंटेनर आडवा झाला होता आणि सगळं थांबलं होतं. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. "आंटी, अब आराम से बैठो. ये जाम शाम तक का है."

साडेबारा झाले होते. बाटली माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली. वीस मिनिटं मी बसून राहिले आणि त्या वीस मिनिटांत मी काय करत होते, तेही लिहिते. मी वाक्यं जुळवत होते. 'बुधवारी स्लाइड स्वच्छ होती, नंतर ताप चढला.' 'मी ज्या पद्धतीने काम केलं ती दवाखान्यातली मान्य पद्धत आहे.' 'गोठ्यातली गोष्ट गोठेवालीने सांगायला हवी.' सगळी वाक्यं व्याकरणाला चोख होती.

मग मी रिक्षावाल्याला मोकळं केलं आणि चालायला लागले. ट्रकच्या मधून, पावसात, गुडघ्यांसकट. एका ट्रकच्या खिडकीतून कोणी तरी विचारलं, "अम्मा, पैदल काशी निकली क्या?" मी म्हटलं, "हां, रास्ता दो." त्याने क्लीनरला खाली उतरवून पुढच्या दोन गाड्यांच्या मधून मला वाट काढून दिली. पूल ओलांडून पलीकडे दुसरी रिक्षा मिळाली. गावात पोचले तेव्हा दोनला दहा मिनिटं होती आणि डॉक्टर मोटारसायकलवर बसलेले होते.

त्यांनी मानेत खोल सुई दिली. गाय हललीसुद्धा नाही. सिरिंज पुसता पुसता ते म्हणाले, "बुधवारी स्लाइड स्वच्छ होती ना? दोन दिवसांत चढलं असणार. होतं असं कधी कधी."

म्हणजे माझं पहिलं वाक्य त्यांनीच मला आयतं दिलं होतं. मान हलवायचं काम उरलं होतं. जाऊ माझ्याकडे बघत होती. तिला काही ठाऊक नव्हतं; बुधवारी मी काय पाहिलं ते माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "बुधवारीच दिसलं होतं. हिच्याच रक्तात, भरपूर. मी ती काच दुसरीची समजले. खुंट्यावरून लिहीत होते. दोन दिवस मी घालवले."

 डॉक्टरांनी बॅग बंद केली, ताप दर चार तासांनी बघा म्हणाले, वासराची खात्री देत नाही म्हणाले, आणि गेले.

जाऊ पोत्याने गाईची मान पुसत राहिली. माझ्याशी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. शेवटी म्हणाली, "बादली रिकामी झाली. पानी आना."

मी पाणी आणलं. बादली अर्धीच भरून, दोन खेपा करून. दुसऱ्या खेपेला तिने माझ्या हातातून बादली घेतली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "मीच सरकवली हिला भिंतीला. पोटुशी हाय तं एक अवस चुकवायची. आत्याबाई चुकवायच्या का, आठवत न्हाय मना."

ते माझ्या समाधानासाठी नव्हतं. ती स्वतःशीच बोलत होती.

शनिवारी ताप तसाच. मी गावीच राहिले. तापाचे आकडे मी दाराच्या फळीवर खडूने लिहीत होते. तेवढं एक काम मला जमण्यासारखं होतं. रविवारी सकाळी ताप एका अंशाने उतरला, दुपारी पुन्हा चढला, आणि जाऊने हातातली वैरण खाली टाकून दिली. सोमवारी गाईने मान उचलली. जाऊने हिरव्या गवताच्या चार काड्या तिच्या ओठांशी धरल्या. ती नुसती हुंगत राहिली. मग एक काडी आत गेली आणि जबडा हलायला लागला, फार हळू. 

इंजेक्शननंतर नवव्या दिवशी वासरू पडलं, मेलेलं. जाऊने मला फोन केला नाही. दिरांबरोबर जाऊन आवाराच्या कोपऱ्यात पुरून आली. बुधवारी मी गेले तेव्हा पहिली काच देताना तिने सांगितलं. "पाडा व्हता," एवढंच म्हणाली. मग, "ही गाभणीची. म्हंजे आता गाभण न्हाय, पन तुमी गाभणच लिवा, न्हायतर परत घोळ घालाल."

त्या मुलीला मी सगळं पत्रात कळवलं. ती धावत आली. पाच महिन्यांच्या स्लाइड फेकाव्या लागतील अशी मला भीती होती. जाऊने भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि प्रत्येक अमावास्येवर बोट ठेवून कुठली गाय कुठून कुठे गेली ते सांगितलं. एकदाही अडखळली नाही. एका अमावास्येला पाहुणे होते म्हणून दुसऱ्या दिवशी सरकवल्या, हेसुद्धा. त्यावरून आम्ही रजिस्टर पुन्हा लिहिलं, आणि माझा तो लपण्या-प्रकटण्याचा सिद्धांत एका दुपारीत निकालात निघाला. वाहक पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हातारीच होती. काटेकोर नोंदी होत्या त्या या अशा होत्या. त्या मुलीला मी सांगितलं होतं, आभार मानायचे तर जाऊचे मान. तिने छापताना दोघींची नावं दिली असतील असं मी धरून चालले होते. पान आलं तेव्हा कळलं, त्यावर माझं एकटीचंच नाव आहे. तिला मी पुन्हा लिहिलं आहे. छापलेलं पान बदलत नाही, हे मलाही माहीत आहे.

जाऊ माझ्याशी बोलते, पूर्वीसारखीच. फक्त घरात कोणी 'ताईंनी बघितलं म्हंजे झालं' असं म्हणालं की ती म्हणते, "एकदा इचारा, कुठली गाय ते." सगळे हसतात, मीही हसते. पाड्याचा विषय ती काढत नाही आणि मी काढायला धजत नाही.

म्हातारी गाय मागच्या थंडीत वयाने गेली. दुभती विकली. आजारी पडली होती ती गोठ्यात आहे. त्यानंतर एकदा व्यायली, कालवड झाली, तीही आहे. गाईच्या रक्तात परजीवी अजून आहे. गेल्या बुधवारी बराच वेळ शोधल्यावर मला दोन सापडले.